अकरा वेळा अर्ज

रेडिओवर बोलायला लागल्यापासून आमच्या गटातल्या बायका एक प्रश्न हमखास विचारतात. बातमी सांगायला कॉलेजात कशाला जायचं? गावात काय घडलं ते तर पाणवठ्यावरसुद्धा कळतं. प्रश्न जुना आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतही वर्तमानपत्रवाले हेच म्हणत होते, की हा धंदा छापखान्यात राहूनच शिकायचा असतो.

तिथल्या मिसुरी राज्यात, कोलंबिया नावाच्या गावी, १९०८ साली विद्यापीठात पत्रकारितेची स्वतंत्र शाळा निघाली. जगातली अशी पहिली शाळा म्हणून ती ओळखली जाते. ती काढणारे वॉल्टर विल्यम्स स्वतः कधी कॉलेजात गेले नव्हते, पुढे त्याच विद्यापीठाचे प्रमुख झाले. शाळा उघडली त्याच दिवशी विद्यार्थ्यांनी वर्तमानपत्र काढलं. खोटं-खोटं नाही, गावात वाटायचं खरं वर्तमानपत्र. आपण शिवण शिकतो ते फळ्यावर बघून नाही, मशीनवर बसून. तसंच ते. १९२१ साली तिथून पत्रकारितेतली पहिली एमए पदवी दिली गेली. आज आम्हाला सांगायचं आहे ते या एमएबद्दल, आणि ते न मिळालेल्या एका बाईबद्दल.

त्यांचं नाव ल्युसिल ब्लूफर्ड. जन्म १९११ चा. वडील शिक्षक. कुटुंब कृष्णवर्णीय, म्हणजे ज्यांच्या पूर्वजांना आफ्रिकेतून गुलाम करून नेलं त्यांच्यातलं. राहायला मिसुरीतल्याच कॅन्सस सिटी शहरात. तिथे कृष्णवर्णीयांची शाळा वेगळी, दवाखाना वेगळा. राज्याच्या मोठ्या विद्यापीठात तर त्यांना दारच बंद होतं. ल्युसिल यांना पत्रकारिता शिकायची होती आणि तिची नावाजलेली शाळा आपल्याच राज्यात होती, तरी त्यांना शेजारच्या कॅन्सस राज्यात जाऊन शिकावं लागलं. १९३२ साली त्या पदवीधर झाल्या. नंतर आपल्या शहरातल्या ‘द कॉल’ या वर्तमानपत्रात लागल्या. हे पत्र १९१९ साली कृष्णवर्णीयांनी कृष्णवर्णीयांसाठी सुरू केलेलं. (लगेच पुढच्या वर्षी, जानेवारी १९२० मध्ये, आपल्याकडे बाबासाहेबांचा ‘मूकनायक’ निघाला. दोन्हीकडची गरज एकच होती. आपलं दुःख दुसऱ्याच्या पत्रात छापून येत नाही.)

१९३९ साली ल्युसिल यांनी मिसुरी विद्यापीठात एमएसाठी अर्ज केला. तेव्हा त्या ‘द कॉल’मध्ये संपादनाची मोठी जबाबदारी सांभाळत होत्या. कागदपत्रं चोख होती, प्रवेश मंजूर झाला. त्या कोलंबियाला गेल्या, नाव नोंदवायला खिडकीशी उभ्या राहिल्या. त्यांना बघितल्यावर सांगण्यात आलं, तुम्हाला घेता येणार नाही. कागदावर रंग दिसत नाही, म्हणून प्रवेश मिळाला होता.

आता हे लक्षात घ्या, की राज्याकडे याचं उत्तर तयार असायचं. कृष्णवर्णीय मुलांना म्हणायचं, तुम्ही दुसऱ्या राज्यात शिका, फी आम्ही भरतो. वरवर बघितलं तर उपकारच वाटतो. पण कर भरायचा इथे आणि शिकायला जायचं परमुलखात! वरच्या न्यायालयानं १९३८ सालीच, लॉइड गेन्स नावाच्या तरुणाच्या खटल्यात, हे चालणार नाही असं सांगितलं होतं. त्याला वकिलीचं शिक्षण हवं होतं. राज्यानं सोय राज्यातच करायला हवी, असा निकाल लागला. पुढे १९३९ मध्ये तो तरुण शिकागोतून नाहीसा झाला, तो पुन्हा सापडलाच नाही. अशा दिवसांत ल्युसिल यांनी दावा लावला, हे आम्हाला विशेष वाटतं.

त्यांनी एकूण अकरा वेळा अर्ज केला. बँकेतून एक प्रकरण परत आलं की आपण दुसऱ्यांदा जायला कां-कू करतो. इथे दर वेळी तोच नकार मिळणार हे माहीत असताना जायचं होतं. चार्ल्स ह्यूस्टन नावाचे नामवंत कृष्णवर्णीय वकील त्यांच्या बाजूनं उभे राहिले. नुकसानभरपाईचा दावा त्या हरल्या. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि सोय करून देणं राज्याला टाळता येईना.

मग काय झालं? दोन गोष्टी झाल्या. कृष्णवर्णीयांसाठी असलेल्या लिंकन विद्यापीठात १९४२ साली पत्रकारितेचा विभाग उघडला. आणि मिसुरी विद्यापीठानं पत्रकारितेचं आपलं पदव्युत्तर शिक्षणच बंद केलं. कारण दिलं युद्धाचं, विद्यार्थी आणि शिक्षक सैन्यात गेले म्हणून. युद्ध होतं हे खरं. पण आमच्या मनात येतंच, की एका बाईला आत घ्यायचं नाही म्हणून अख्खा वर्गच मोडला. विहिरीवर येऊ द्यायचं नाही म्हणून विहीर बुजवल्यासारखं झालं.

लिंकन विद्यापीठाबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत. १८६६ साली ते उभं राहिलं ते यादवी युद्धात लढलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांनी आपल्या पगारातून वर्गणी काढून दिली तेव्हा. पै-पै जमवून काय उभं राहतं, हे गटातल्या बाईला वेगळं सांगायला नको.

ल्युसिल यांनी ते एमए कधीच केलं नाही. त्या ‘द कॉल’मध्येच राहिल्या, १९५५ नंतर त्याचा कारभारही त्यांच्याकडे आला. जवळजवळ ७० वर्षं एकाच पत्रात. नोकऱ्या, शाळा, हॉटेलं, जिथे जिथे कृष्णवर्णीयांना मज्जाव होता त्यावर त्या लिहीत राहिल्या. मिसुरी विद्यापीठात पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी आले ते १९५० साली.

आपल्याकडे नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात १९५२ च्या सुमारास पत्रकारितेचा अभ्यासक्रम सुरू झाला, तोही रोलंड वुल्झली या अमेरिकन प्राध्यापकाच्या मदतीनं. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये १९६४ साली.

१९८४ मध्ये मिसुरीच्या त्याच पत्रकारितेच्या शाळेनं ल्युसिल यांना सन्मानपदक दिलं. १९८९ मध्ये विद्यापीठानं मानद डॉक्टरेट दिली. तेव्हा त्या ७७ वर्षांच्या होत्या. त्यांनी ती घेतली, पण एकट्यासाठी नव्हे, ज्यांना त्या दारातून परत पाठवलं त्या सगळ्यांच्या वतीनं. २००३ साली त्या गेल्या. आता त्या विद्यापीठात मुलामुलींच्या एका वसतिगृहाला ब्लूफर्ड हॉल म्हणतात.