हातापायांची घडण : पेशींमधील संकेतांची कामगिरी

गर्भाच्या कुशीवर उमटलेल्या एका लहानशा फुगवट्यातून दंड, कोपर, मनगट आणि पाच बोटे असलेला हात घडतो. ही घडण कशी होते, याचे उत्तर शास्त्रज्ञांना प्रामुख्याने कोंबडीच्या अंड्यात मिळाले. अंड्याच्या कवचाला छोटी खिडकी पाडून आतील भ्रूणावर शस्त्रक्रिया करता येते आणि खिडकी बंद केल्यावर त्याची वाढ पुढे चालू राहते. अशा प्रयोगांतून असे दिसले की, पेशी एकमेकींना प्रथिनांच्या रूपात संकेत देतात आणि त्यानुसार आपले काम ठरवितात. या प्रथिनांमध्ये वृद्धिघटकांना मोठे स्थान आहे.

मानवी गर्भात फलनानंतरच्या चौथ्या आठवड्याच्या अखेरीस हातांच्या कलिका दिसू लागतात. पायांच्या कलिका एक-दोन दिवसांनी येतात. आठव्या आठवड्याच्या अखेरीस बोटे सुटी झालेली असतात.

लांबीचा संकेत

कलिकेच्या टोकावर बाह्यत्वचेची एक जाडसर कड असते. अमेरिकी शास्त्रज्ञ जॉन साँडर्स यांनी १९४८ मध्ये कोंबडीच्या भ्रूणातील ही कड काढून टाकली, तेव्हा पंख अपुरा राहिला. कड जितकी लवकर काढावी, तितका पंख अधिक आखूड होई. फायब्रोब्लास्ट वृद्धिघटक, म्हणजेच एफजीएफ, या कडेतून पाझरतात. कड काढलेल्या जागी एफजीएफमध्ये भिजविलेला सूक्ष्म मणी ठेवल्यास वाढ पुढे सुरू राहते, हे १९९३ मध्ये सिद्ध झाले. दोन वर्षांनी असाच मणी पंख आणि पाय यांच्या मधल्या कुशीत ठेवला असता तेथे जादा अवयव उगवला. याउलट, एफजीएफ-१० चे जनुक निकामी केलेल्या उंदरांच्या पिलांना पायच नसतात. त्यांची फुप्फुसेही घडत नाहीत.

अंगठा कोठे, करंगळी कोठे?

कलिकेच्या मागील कडेला, म्हणजे करंगळीच्या बाजूला, पेशींचा आणखी एक गट असतो. या पेशी दुसऱ्या कलिकेच्या पुढील बाजूस रोपल्या, तर कोंबडीच्या पंखात तीनऐवजी आरशातील प्रतिबिंबासारखी सहा बोटे तयार होऊ शकतात. या पेशींचा संकेत म्हणजे ‘सोनिक हेजहॉग’ हे प्रथिन असल्याचे १९९३ मध्ये स्पष्ट झाले. कडेतील एफजीएफ आणि हे प्रथिन एकमेकांना टिकवून धरतात. एक थांबले की दुसरेही मंदावते. या जनुकाला कलिकेत चालू करणारा डीएनएचा तुकडा जनुकापासून सुमारे दहा लाख अक्षरे दूर आहे. त्यातील एका अक्षराच्या बदलानेही माणसाच्या अंगठ्याच्या बाजूला जादा बोट येऊ शकते.

तळहात आणि हाताची पाठ यांतील भेद डब्ल्यूएनटी गटातील संकेत ठरवितात. बोटांमधील पडदा बीएमपी गटातील संकेतांमुळे नाहीसा होतो. तेथील पेशी ठरलेल्या वेळी मरतात. बदकाच्या पायात या संकेताला रोखणारे प्रथिन असते, म्हणून पडदा कायम राहतो.

समज आणि वास्तव

बाळाच्या हातापायांत व्यंग आढळल्यास ग्रहणात मातेने काही चिरल्या-कापल्याचा दोष आजही काढला जातो. त्याला कोणताही शास्त्रीय आधार नाही. जनुकातील बदल किंवा घडणीच्या नेमक्या काळात गर्भापर्यंत पोहोचलेले घातक द्रव्य ही त्याची ज्ञात कारणे आहेत. थॅलिडोमाइड हे त्याचे सर्वांत दुःखद उदाहरण. पश्चिम जर्मनीत १९५७ मध्ये विक्रीस आलेले हे औषध अनेक देशांतील गर्भवतींनी मळमळीवर घेतले. १९६१ च्या अखेरीस ते तेथे मागे घेण्यात आले. तोवर जगभरात दहा हजारांहून अधिक बालके बाधित झाल्याचा अंदाज आहे. फलनानंतरचे सुमारे २० ते ३६ दिवस सर्वाधिक धोक्याचे ठरले. या दिवसांत अनेक स्त्रियांना गर्भधारणेची खात्रीही झालेली नसते.

हे औषध सेरेब्लॉन या प्रथिनाला चिकटते, हे जपानी संशोधकांनी २०१० मध्ये दाखविले. रक्ताच्या एका कर्करोगावर आणि कुष्ठरोगातील एका तीव्र प्रतिक्रियेवर ते आजही उपयोगी पडते. मात्र गर्भवतींना ते पूर्णतः वर्ज्य आहे. म्हणूनच गर्भधारणेची शक्यता असली, तरी कोणतेही औषध घेण्यापूर्वी ती डॉक्टरांना सांगणे आवश्यक ठरते.