तासांपासून वारांपर्यंत : सुई आणि व्यायाम यांच्या मेळाचा इतिहास

वजन कमी करण्यासाठी आठवड्यातून एकदा टोचून घ्यावयाच्या औषधांचा प्रसार होऊ लागल्यापासून व्यायामाचे वार इंजेक्शनचा वार पाहून ठरवण्याची जी रीत पडत चालली आहे, ती वरवर नवी वाटते. परंतु सुई आणि श्रम यांचा मेळ घालण्याचा प्रश्न वैद्यकात शंभर वर्षे जुना आहे आणि तो मुळात लठ्ठपणाचा नसून मधुमेहाचा आहे. मधुमेहावर श्रम हा उपाय तर त्याहूनही कितीतरी पुरातन आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात प्रमेहाच्या निर्धन रोग्याने पादत्राण व छत्र न घेता शंभर योजने चालावे किंवा विहीर खणावी असे सांगितले आहे. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये आपोलिनेर बूशार्दा हेही आपल्या रोग्यांना मिताहाराबरोबर अंगमेहनत करावयास लावीत. या उपचारांत श्रम किती करावेत याचा विचार होता, केव्हा करावेत याचा फारसा नव्हता; कारण शरीरात बाहेरून असे काहीच घातले जात नव्हते, ज्याच्या अंमलाची वेळ सांभाळावी लागावी.

११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटो येथे चौदा वर्षांच्या एका मुलाला इन्शुलिनचे पहिले इंजेक्शन दिले गेले आणि हे चित्र पालटले. त्या काळच्या इन्शुलिनचा अंमल काही तासच टिकत असल्यामुळे रोग्याला दिवसातून अनेकदा काचेची पिचकारी उकळून घ्यावी लागे, आणि पुन्हा पुन्हा वापरून बोथट झालेली सुई दगडावर घासून तिला धार लावावी लागे. निरोगी माणूस चालू-पळू लागला की त्याचे स्वादुपिंड इन्शुलिनचा स्राव आपोआप कमी करते. टोचलेले इन्शुलिन मात्र परत घेता येत नाही, आणि आकुंचन पावणारे स्नायू रक्तातील साखर स्वतंत्रपणेही खेचून घेत असतात. या दोहोंच्या एकत्र परिणामाने साखर एकाएकी उतरते, हातपाय कापू लागतात, दरदरून घाम सुटतो आणि वेळीच गोड खाल्ले नाही तर शुद्ध हरपते.

लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमधील आर. डी. लॉरेन्स यांनी १९२६ मध्ये व्यायामामुळे इन्शुलिनचा प्रभाव वाढतो हे प्रयोगाने दाखवून दिले. लॉरेन्स स्वतः मधुमेही होते. मरण समोर दिसत असल्याने इटलीत जाऊन राहिलेले असताना इन्शुलिन उपलब्ध झाल्याची वार्ता कळून ते १९२३ मध्ये मायदेशी परतले होते, आणि त्यानंतर ते १९६८ पर्यंत जगले. ज्याला स्वतःलाच दररोज टोचून घ्यावे लागत होते त्याने हा प्रश्न हाती घ्यावा, हे स्वाभाविकच म्हणावे लागेल. अमेरिकेत बॉस्टनचे इलियट जोसलिन यांनी आहार, इन्शुलिन आणि व्यायाम या तिघांना एकाच गाडीला जुंपलेल्या घोड्यांची उपमा दिली होती. पुढे वेळेबरोबर जागेचाही विचार होऊ लागला : मांडीत टोचून लगेच पायांचा व्यायाम केल्यास इन्शुलिन रक्तात अधिक वेगाने शिरते, पोटावर टोचल्यास तसे होत नाही, हे कोइव्हिस्टो आणि फेलिग यांनी १९७८ मध्ये सिद्ध केले. धावण्यापूर्वी काय खावे, डोस किती कमी करावा, सुई कोठे टोचावी अशी सगळी आखणी मधुमेह्याच्या अंगवळणी पडली ती साखर एकाएकी उतरण्याच्या भीतीपोटी, आणि ही आखणी तासांच्या हिशेबाने चालत असे.

दुसरीकडे औषधशास्त्राची धडपड सुयांची संख्या घटवण्याची होती. डेन्मार्कमध्ये हागेडॉर्न यांनी १९३६ मध्ये इन्शुलिनला प्रोटामिन या प्रथिनाची जोड देऊन त्याचे शोषण लांबवले. जीएलपी-१ या आतड्यातील संप्रेरकाच्या बाबतीत अडचण याहून बिकट होती. हे संप्रेरक साखर वाढलेली असतानाच इन्शुलिन स्रवावयास लावते, जठर सावकाश रिकामे करते आणि भूक मंदावते. पण शरीरातील विकरे त्याचे अवघ्या दोन मिनिटांत निम्म्यावर विघटन करतात. न्यूयॉर्कमधील जॉन एंग यांना १९९२ मध्ये गिला मॉन्स्टर नावाच्या विषारी सरड्याच्या विषात त्याच्यासारखाच पण चिवट रेणू आढळला आणि त्यातून २००५ मध्ये एक्झेनटाइड हे औषध बाजारात आले. तेही दिवसातून दोनदा, जेवणाआधी टोचावे लागे. यानंतरच्या लिराग्लुटाइडमध्ये रेणूला मेदाम्लाची शेपटी जोडून तो रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून राहील अशी योजना केली गेली, तेव्हा दिवसाला एक सुई पुरू लागली. त्याच युक्तीचे सुधारित रूप म्हणजे सेमाग्लुटाइड. त्याचे अर्धायुष्य, म्हणजे रक्तातील मात्रा निम्मी होण्यास लागणारा काळ, सुमारे एक आठवडा आहे. मधुमेहासाठी २०१७ मध्ये आणि वजन कमी करण्यासाठी २०२१ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. टिर्झेपाटाइड हे दुसरे साप्ताहिक औषध भारतात मार्च २०२५ मध्ये आले आणि पाठोपाठ जूनमध्ये सेमाग्लुटाइडचे वजन घटवणारे रूपही आले.

इतक्या दीर्घ अर्धायुष्यामुळे चार-पाच आठवड्यांत औषधाची रक्तातील पातळी जवळजवळ स्थिरावते आणि इंजेक्शनचा वार व इतर वार यांत फार तफावत राहत नाही. शिवाय हे औषध एकटे घेतल्यास साखर धोकादायकरीत्या उतरण्याची भीती कमी असते; इन्शुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या सोबत असतील तर मात्र लॉरेन्स यांनी वर्णिलेला धोका जसाच्या तसा उभा राहतो. मग वार सांभाळण्याची रीत का पडली? तिचे कारण पोटात आहे. डोस वाढवला की पुढचे काही दिवस मळमळ, उलट्या किंवा जुलाब होतात, अन्न जात नाही, आणि अशा अवस्थेत जोर-बैठका काढणे किंवा दूर धावणे म्हणजे अंगातले पाणी आणि त्राण दोन्ही गमावणे. म्हणून कित्येक जण सुट्टीच्या आदल्या रात्री टोचून घेतात, पुढचे एक-दोन दिवस चालण्यावर भागवतात आणि वजने उचलण्याचे व्यायाम आठवड्याच्या उत्तरार्धात ठेवतात. डोस स्थिरावल्यावर या काटेकोरपणाची गरज बहुधा उरत नाही, तरी सवय मागे राहते.

या आखणीत वारापेक्षा अधिक महत्त्वाची बाब स्नायूंची आहे. सेमाग्लुटाइडच्या २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत १,९६१ प्रौढांचा समावेश होता. ६८ आठवड्यांत औषध घेणाऱ्यांचे वजन सरासरी १४.९ टक्के घटले, आणि औषध घेणाऱ्या व न घेणाऱ्या अशा दोन्ही गटांना आठवड्याला १५० मिनिटे शारीरिक हालचालीचा सल्ला दिलेला होता. तथापि ज्या थोड्यांच्या शरीररचनेचे मापन झाले त्यांच्यात घटलेल्या वजनाचा एक-तृतीयांशाहून अधिक भाग चरबीचा नव्हता. त्यात स्नायूही होते. भूक मंदावल्यामुळे प्रथिने पोटात कमी जातात, हे त्याचे एक कारण. त्याच वर्षी कोपनहेगनच्या संशोधकांनी, आधी अल्पाहाराने वजन उतरवलेल्या १९५ जणांवर वर्षभर केलेल्या चाचणीत, लिराग्लुटाइड आणि व्यायाम यांची जोडी दोहोंपैकी एकट्यापेक्षा सरस ठरली. ते औषध रोज घ्यावयाचे असल्यामुळे वारांचा प्रश्न तेथे उद्भवला नव्हता. उपचार थांबवल्यानंतरच्या वर्षात केवळ औषधावर राहिलेल्यांचे वजन पुष्कळसे परतले, तर औषधाबरोबर देखरेखीखाली व्यायाम केलेल्यांनी त्यांच्यापेक्षा अधिक घट टिकवून धरली.