थप्पीपासून रॅकपर्यंत: चाकणच्या गोदामांची जमीन

चाकणचं नाव निघालं की संग्रामदुर्ग आठवतोच. १६६० साली शायिस्ताखानाने या भुईकोटाला वेढा दिला, फिरंगोजी नरसाळ्यांनी तो छप्पन दिवस लढवला, आणि शेवटी खानाने बुरुजाखाली सुरुंग उडवला. घात खालून झाला. आज आपण त्याच चाकणच्या गोदामांबद्दल बोलणार आहोत, आणि इथेही प्रश्न पायाखालचाच आहे.

१९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, मग भोसरी-आकुर्डीचे कारखाने उभे राहिले. त्या काळच्या गोदामात माल थप्पीने लागायचा. थप्पी माथाडी लावणार, म्हणजे तिची उंची माणसाच्या बेताची. धान्याच्या पोत्यांची दहा फुटी थप्पी धरली तरी चौरस मीटरला सव्वादोन टनांच्या आसपास वजन, आणि तेही सगळीकडे सारखं पसरलेलं. खाली सोलिंग, वर साधा कोबा, भागत होतं.

पुढे चाकणला १९९९ मध्ये बजाजचा कारखाना, २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज आले. सुट्या भागांची आवक-जावक वाढली. मग १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. तोवर आंतरराज्य विक्रीकर वाचवायला कंपन्या राज्याराज्यांत छोटी गोदामं ठेवत. ती गरज संपली. गोदामं मोठी झाली आणि जमीन महाग म्हणून उंचही झाली. थप्पी गेली, रॅक आला.

इथे हिशोब बदलतो, तो आपण नीट करून बघू. रॅकच्या एका खणात दर मजल्याला एकेक टनाची दोन पॅलेट. बीमवर असे चार मजले, म्हणजे आठ टन. सगळ्यात खालची पॅलेट थेट जमिनीवर. मधल्या प्रत्येक फ्रेमवर दोन्ही बाजूंच्या खणांचा अर्धा-अर्धा भार येतो, म्हणजे आठ टनच. फ्रेमला पाय दोन. एका पायावर चार टन! त्याखालची पट्टी १० सेंटिमीटर लांब, तेवढीच रुंद. चौरस सेंटिमीटरला ४० किलो झाले.

आता गोदामाच्या जाहिरातीत लिहिलेलं असतं, 'जमिनीची क्षमता पाच टन प्रति चौरस मीटर'. म्हणजे चौरस सेंटिमीटरला अर्धा किलो. रॅकच्या पायाखाली त्याच्या ऐंशीपट दाब! गंमत अशी की वाटा धरून सरासरी काढली तर वजन पाच टनांच्या पुष्कळ आत बसतं. कागद खोटा नसतो. तो थप्पीचा हिशोब सांगत असतो.

रॅकचा हिशोब मुळात रस्त्याच्या काँक्रीटसाठी मांडला गेला. १९२६ मध्ये हॅरल्ड वेस्टरगार्ड यांनी चाकाचा भार स्लॅबच्या मध्यावर, कडेवर आणि कोपऱ्यावर असा तीन ठिकाणी तपासला. मध्यावर जे सहज पेलतं ते कडेला जड जातं. म्हणून रॅकचा नकाशा आधी हवा, सांधे नंतर आखावेत. आपल्याकडे बहुतेक वेळा उलटं होतं: ट्रिमिक्स करून मालक मोकळा होतो, भाडेकरू नंतर येतो, आणि त्याच्या रॅकचे पाय नेमके सांध्यावर बसतात.

जाडीचं गणित मात्र आपल्या बाजूने आहे. वाकण्याची ताकद जाडीच्या वर्गाने वाढते, म्हणून १५० मिलिमीटरऐवजी २०० घातले तर ती पावणेदोनपटीहून थोडी जास्तच. पण खालची माती साथ देत नसेल तर? काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. ती काढून मुरूम थराथराने दाबावा लागतो. उताराच्या जागेवर अर्धं गोदाम खोदलेल्या मुरमावर आणि अर्धं भरावावर येतं. भराव नंतर बसतो, मुरूम बसत नाही.

आणि बसला म्हणजे किती? मीटरभर रुंद फ्रेमचा एक पाय पाचच मिलिमीटर खचला, तर दहा मीटर उंचीवर रॅक पाच सेंटिमीटर कलतो. त्याच्या खालच्या वाटेने फोर्कलिफ्टवाला दिवसभर ये-जा करत असतो. त्याला वरचं दिसत नाही, खालचंही नाही.