सांतानाची भरपाई आणि विमावाल्याचा परवाना

सिल्वासा हे ज्याचं मुख्य गाव, तो नगर हवेलीचा मुलूख पोर्तुगिजांकडे गेला तो एका जहाजापायी. १७७२ साली मराठा आरमारामुळे पोर्तुगिजांना 'सांताना' नावाचं जहाज गमवावं लागलं. पुढे इंग्रजांशी युद्ध जुंपलं, पुणे दरबाराला पोर्तुगिजांची मैत्री हवीशी झाली, आणि १७७९ च्या तहात जहाजाची भरपाई म्हणून वर्षाला बारा हजार रुपये वसुलाची गावं लावून द्यायचं कबूल झालं. १७८३ आणि १७८५ च्या हुकमांनी ती गावं दिली गेली.

गोष्ट तिथे संपली नाही. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये आधी दादरा आणि मग सिल्वासा मुक्त झालं. त्या लढ्यात पुण्या-मुंबईकडून गेलेल्यांत सुधीर फडके होते, बाबासाहेब पुरंदरे होते. पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारतावर दावा लावला. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायाधीशांना पेशवाईतले ते कागद उलगडून पाहावे लागले. प्रश्न असा होता, की भरपाईत नेमकं दिलं काय? न्यायालयाने ठरवलं, की मराठ्यांनी सार्वभौमत्व दिलं नव्हतं. जहागीर किंवा सरंजामासारखा फक्त वसूल दिला होता. पुढे इंग्रज तिथली पोर्तुगीज सत्ता मान्य असल्यासारखे वागले, हा भाग निराळा. पण कागद होऊन पावणेदोनशे वर्षं झाल्यावर, समुद्रापलीकडच्या शहरात, 'सरंजाम' या शब्दाच्या अर्थावर खल झाला.

नुकसान झालं, भरपाई ठरली, कागद झाला, आणि कागदात काय होतं यावरून भांडण लागलं. विम्याच्या धंद्यात जे जे घडतं ते सगळं या कथेत आहे. एकच माणूस नाही: दोन्ही बाजूंना कागद समजावून सांगणारा आणि त्या सांगण्याला जबाबदार असणारा. हा माणूस कायद्याने घडवायला आपल्याकडे फार वेळ लागला. आज सिल्वाशात दहावी झालेला एखादा मुलगा आयुर्विम्याची आणि आरोग्यविम्याची एजन्सी घ्यायला निघतो, तेव्हा तो त्या रिकाम्या जागेवर उभा राहायला निघालेला असतो.

आधी शब्दांचं पाहू. 'विमा' आपल्याकडे फारसीच्या वाटेने आला असं मानतात. फारसीत 'बीम' म्हणजे भय. 'परवाना' हाही फारसी, म्हणजे हुकूम, अनुज्ञापत्र. वस्तू मात्र शब्दांहून जुनी आहे. मुंबई-गुजरातच्या किनाऱ्यावर 'जोखमी हुंडी' चालायची. माल जहाजावर चढला की मालाचा धनी ही हुंडी लिहून पैसे उचलायचा. माल सुखरूप बंदराला लागला तरच ती वटायची, जहाज बुडालं तर पैसे देणाऱ्याचे पैसेही बुडायचे. हुंडी आणि विमा एकाच चिठ्ठीत. त्या व्यवहारात परवाना कुणाला लागत नसे, कारण घेणारा आणि देणारा दोघेही व्यापारी, दोघांना जोखीम सारखीच कळे. परवान्याची गरज पडते ती एकाला सगळं कळतं आणि दुसऱ्याला काहीच कळत नाही तेव्हा.

ती वेळ आयुर्विम्याबरोबर आली. १८१८ साली कलकत्त्यात ओरिएंटल लाइफ निघाली ती मुख्यत: गोऱ्यांसाठी. पुढे हिंदी माणसाचा विमा उतरवला जाई तोही जास्तीचा हप्ता लावून, कारण हिंदी आयुष्य कमी भरवशाचं धरलेलं. १८७० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे म्युच्युअलने हा भेद मोडला आणि हिंदी माणसाला नेहमीच्या दराने विमा दिला. मला हा प्रसंग विम्याच्या इतिहासात सगळ्यांत मोठा वाटतो. स्वदेशीच्या लाटेत मग ठिकठिकाणी कंपन्या निघाल्या. साताऱ्याला अण्णासाहेब चिरमुले यांनी १९१३ मध्ये वेस्टर्न इंडिया लाइफ उभी केली. जिल्ह्याच्या गावातून निघालेली ही कंपनी चार दशकांहून जास्त चालली.

या कंपन्यांचं दुकान कुठे होतं? नव्हतंच. आयुर्विमा दुकानात जाऊन कुणी मागत नाही. मरणाची गोष्ट आपणहून कोण काढणार? ती काढायला घरी येणारा माणूस लागतो. तोच एजंट. त्याला पगार नाही, मिळेल ते हप्त्याच्या टक्क्यांत. आणि इथेच कीड लागली. पहिल्या वर्षीचं कमिशन मोठं, म्हणून एजंट त्यातला वाटा गिऱ्हाइकालाच परत देऊ लागला. स्वस्तात पडली म्हणून पॉलिसी घेतली जाई आणि दुसऱ्या वर्षी हप्ता भरायची वेळ आली की सोडून दिली जाई. एजंटाला नवं गिऱ्हाईक मिळे; कंपनीचा खर्च वाया जाई; आणि सोडलेली पॉलिसी ज्याच्या नावाची, त्याच्या बायकापोरांना काहीच उरत नसे. १९१२ च्या पहिल्या विमा कायद्याने कंपन्यांच्या हिशेबांकडे पाहिलं, या उंबऱ्यावरच्या व्यवहाराकडे नाही.

ते काम १९३८ च्या कायद्याने केलं. त्याची ४०, ४१ आणि ४२ ही कलमं लागोपाठ वाचावीत. एजंटाखेरीज कुणाला कमिशन द्यायचं नाही. कमिशनातला वाटा गिऱ्हाइकाला परत द्यायचा नाही. आणि एजंट व्हायचं तर परवाना हवा. परवान्याचं मूळ हे असं सवलतीच्या बंदीला चिकटून आहे. ४१ वं कलम आजही प्रत्येक प्रपोजल फॉर्मवर छापलेलं असतं. त्यातला दंड पूर्वी पाचशे रुपयांपर्यंत होता, २०१५ पासून दहा लाखांपर्यंत आहे.

त्या पहिल्या परवान्याने एजंटाला काय विचारलं, ते पाहण्यासारखं आहे. विम्याचं ज्ञान विचारलं नाही, शाळा विचारली नाही. अर्जदार अल्पवयीन नसावा, न्यायालयाने त्याला वेडा ठरवलेलं नसावं, आणि चार गुन्ह्यांत तो दोषी ठरलेला नसावा: अपहार, विश्वासघात, फसवणूक, खोटे दस्तऐवज. मारामारीचा उल्लेख नाही, चोरीचाही नाही. हे चारही गुन्हे शब्द आणि सोपवलेला पैसा यांचे आहेत. ज्याच्या हाती दुसऱ्याचा हप्ता आणि ज्याच्या तोंडी कंपनीचं वचन, त्याच्यात काय नसावं हे कायदा लिहिणाऱ्यांना नेमकं कळलं होतं.

याच कायद्याच्या ४४ व्या कलमात एजंटाची बाजूही होती. ठरावीक वर्षं काम केलेल्या एजंटाला, काम सुटलं तरी, जुन्या पॉलिसींवरचं कमिशन मिळत राही, आणि तो गेल्यावर त्याच्या वारसांना. आपल्याकडच्या वतनाची आठवण यावी अशी ही तरतूद. कित्येक मराठी घरांत एजंट वारल्यानंतरही त्या कमिशनावर वर्षानुवर्षं किराणा भरला गेला आहे.

१९ जानेवारी १९५६ च्या वटहुकमाने आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं. रेडिओवरून ते देशाला सांगणारे अर्थमंत्री म्हणजे चिंतामणराव देशमुख. मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी त्याच वर्षी जुलैत मंत्रिपद सोडलं, त्यामुळे १ सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ उभं राहिलं तेव्हा ते सरकारात नव्हते. १५४ हिंदी कंपन्या, १६ परदेशी आणि ७५ प्रॉव्हिडंट सोसायट्या एका छत्राखाली आल्या; साताऱ्याची वेस्टर्न इंडियाही त्यांतच. एजंट मात्र तेच राहिले, त्याच गावांत, त्याच सायकलींवर.

त्या दिवशी सिल्वासा यात कुठे होतं? पोर्तुगिजांकडे नव्हतं आणि कायद्याने भारतातही नव्हतं. मुक्त दादरा-नगर हवेलीचा कारभार तिथली वरिष्ठ पंचायत पाहत होती. ११ ऑगस्ट १९६१ ला प्रदेश भारतात विलीन झाला, आणि १९६३ च्या एका नियमनाने भारताचे अनेक कायदे इथे लागू झाले. भरपाईतून गेलेला मुलूख असा भरपाईच्या कायद्यांखाली आला.

पुढची चाळीसएक वर्षं परवान्याच्या कथेत फार घडलं नाही. १९८६ मध्ये सरकारी साधारण विमा कंपन्यांनी मेडिक्लेम आणला आणि आजारपणाचा विमा घरोघर जाण्याची सुरुवात झाली, एवढं टिपून पुढे जाऊ. बदल आला तो विमाक्षेत्रात सुधारणा सुचवणाऱ्या मल्होत्रा समितीनंतर, १९९९ च्या कायद्याने विमा नियामक प्राधिकरण आलं तेव्हा. २००० च्या नियमांनी एजंटाला पहिल्यांदा विचारलं, तुला येतं काय? शंभर तासांचं प्रशिक्षण. आयुर्विमा आणि साधारण विमा दोन्ही विकायचे तर दीडशे तास. आणि मग परीक्षा. बारावीची अट होती, पण पाच हजारांहून कमी वस्तीच्या गावात दहावी चालत असे. चारित्र्याच्या चार गुन्ह्यांपासून परीक्षेपर्यंत यायला बासष्ट वर्षं लागली. आता या परीक्षेच्या पुस्तकाला सगळे 'आयसी अडतीस' म्हणतात आणि परीक्षा मराठीतही देता येते.

आणि मग परवानाच गेला. २०१५ च्या दुरुस्तीनंतर, १ एप्रिल २०१६ पासूनच्या नियमांप्रमाणे एजंटाची नेमणूक कंपनी करते. एक आयुर्विमा कंपनी, एक साधारण विमा कंपनी आणि एक आरोग्यविमा कंपनी अशा तिघींचं काम एक माणूस करू शकतो. धंद्यातली माणसं आजही 'लायसन काढलं' म्हणतात, पण हाती येतो तो कंपनीचा एजन्सी कोड. वाटतं त्याहून हा बदल मोठा आहे. परवाना सरकारचा होता तेव्हा एजंटाच्या शब्दाची हमी कुणाची, हे धूसर राही. आता कायदा म्हणतो, एजंटाने केलेल्या आणि न केलेल्या गोष्टींना कंपनी जबाबदार. नेमणूक नसलेल्याकडून विमा विकवला तर कंपनीला एक कोटीपर्यंत दंड. माझ्या मते हे योग्य झालं. ज्याचं वचन, त्याचीच जीभ.

तरी एक फट राहतेच. कोड बायकोच्या नावावर आणि विमा विकणारा नवरा, हे चित्र सगळ्यांच्या ओळखीचं आहे. परीक्षा दिली एकाने, आणि प्रपोजल भरताना प्रश्न विचारतो दुसरा. आणि विम्यात सगळं त्या प्रश्नांवर असतं. साखर आहे का? रक्तदाब? कधी दवाखान्यात दाखल होता का? घाईत सगळीकडे 'नाही' लिहिलं जातं, आणि क्लेमच्या दिवशी तोच कागद बाहेर येतो. आयुर्विम्यात तीन वर्षांनंतर कंपनीला पॉलिसीवर शंका घेता येत नाही, पूर्वी ती मुदत दोन वर्षं होती. आरोग्यविम्यात आधीपासूनच्या आजारासाठी थांबायची मुदत २०२४ पासून जास्तीत जास्त तीन वर्षं झाली आहे, पण तो आजार आधी सांगितलेला असला तर.

सिल्वाशाभोवती हे प्रश्न आणखी जड होतात. आमली, मसाट, पिपरिया, नरोली या पट्ट्यात सूत आणि प्लास्टिकचे कारखाने. कामाला उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेली माणसं. आणि भोवतीच्या पाड्यांवर वारली, कोकणा, धोडिया, काथोडी. बाजारात गुजराती, कचेरीत हिंदी, काही शाळांत मराठी, आणि घरात यांपैकी एकही नाही अशी कितीतरी घरं. प्रपोजल फॉर्म छापलेला असतो तो बहुधा इंग्रजी-हिंदीत.

म्हणून फॉर्मच्या शेवटी एक मजकूर असतो, आणि मला तो साऱ्या फॉर्मचा जीव वाटतो. अर्जदाराने अंगठा उठवला असेल किंवा फॉर्मच्या भाषेहून वेगळ्या भाषेत सही केली असेल, तर कुणीतरी लिहून द्यायचं, की मी हे प्रश्न आणि उत्तरं यांना अमुक भाषेत समजावली आणि त्यांना ती कळली. महामंडळाच्या फॉर्मवर अंगठ्याची साक्ष अशा माणसाची मागतात, ज्याचा महामंडळाशी संबंध नाही. म्हणजे एजंटाची परीक्षा झाली, नेमणूक झाली, कोड मिळाला, तरी या ओळीपाशी तो एकटा पुरत नाही. पाड्यावरच्या शाळेतले गुरुजी बोलवावे लागतात, नाहीतर पंचायतीतलं कुणी. मग ते फॉर्म पहिल्या पानापासून पुन्हा उघडतात, साखरेचा प्रश्न वारलीत विचारतात, उत्तर ऐकून घेतात, आणि भाषेपुढच्या रिकाम्या जागेत देवनागरीत लिहितात: वारली.