विजेच्या मोडीचा कायदा

मेहकर तालुक्यांतील जानेफळसारख्या गांवीं तांब्यापितळेची मोड कासाराला देऊन नवें भांडें घेण्याची रीत जुनी. धातु पुन्हां धातूंतच मिसळे. त्यांत कोणाचें नुकसान नव्हतें. पुढें घरोघर वीज आली, रेडिओ आले, मागाहून दूरदर्शनचे संच, संगणक आणि भ्रमणध्वनि आले. व त्यांची मोड भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढली. परंतु ही मोड निराळ्या जातीची. जुन्या दूरदर्शन-संचाच्या जाड कांचेंत शिसें असतें, नळीच्या दिव्यांत पारा. तारेवरचें वेष्टण जाळून तांबें काढणाराच्या छातींत विषारी धूर जातो. मूठभर तांब्याकरितां केवढें हें मोल!

१९८९ सालीं स्वित्झर्लंडांतील बाझेल येथें करार झाला, तो देशादेशांमधून होणाऱ्या घातक कचऱ्याच्या वाहतुकीसंबंधीं. भारतांत विजेच्या मोडीस स्वतंत्र नियम मिळाले ते २०११ सालीं. १ मे २०१२ पासून ते अमलांत आले. त्यांतील मुख्य कल्पना साधी, पण व्यापाऱ्यास नवी होती : ज्यानें वस्तु बाजारांत आणली, त्यानेंच तिच्या शेवटाची व्यवस्था लावावी. २०१६ च्या नियमांत पाऱ्याचे दिवेहि आले. २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून चालू झाले. त्यांनीं वस्तूंची यादी २१ वरून १०६ वर नेली.

नोंदणी मात्र चौघांचीच : वस्तु बनविणारा, ती आपल्या नांवानें विकणारा, दुरुस्त करून पुन्हां वापरांत आणणारा, आणि तिच्यांतील धातु वगैरे परत मिळविणारा. दारोदार फिरून मोड गोळा करणारा त्या चौघांत नाहीं. आणि खेड्यांतला बिघडलेला संच प्रथम पडतो तो त्याच्याच हातीं.