रेशन कुणाला, किती? कोयत्यावर गेल्यावर कुठं उचलायचं? मुरुड परिसरातील कुटुंबांसाठी माहिती

मुरुड : 1972 च्या दुष्काळात मिलोच्या भाकरी खाऊन दिवस काढलेली माणसं आजही आपल्या भागात आहेत. आता पात्र कुटुंबाला धान्य कायद्यानं मिळतं. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा 2013 चा. राज्यात तो 1 फेब्रुवारी 2014 पासून लागू झाला. तरीही माहितीअभावी अनेकांचं धान्य सुटतं.

किती मिळतं?
अंत्योदय कार्डाला महिन्याला 35 किलो, माणसं कितीही असोत. प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो, म्हणजे पाच माणसांना 25 किलो. ग्रामीण भागात यासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 44 हजार रुपये. जानेवारी 2023 पासून हे धान्य मोफत आहे.

केशरी कार्डवाले शेतकरी
अन्न सुरक्षा योजनेत न बसलेल्या केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना मराठवाड्यात पूर्वी स्वस्त धान्य मिळायचं. 2023 पासून त्याऐवजी पैसे खात्यात येतात. सुरुवातीला माणशी महिना 150 रुपये होते, पुढे 170 झाले. घरातल्या कर्त्या बाईचं खातं आधारला जोडलेलं नसेल तर रक्कम अडकते.

ऊसतोडीला किंवा पुण्याला गेलात तर
'एक देश, एक रेशन कार्ड' योजनेत कारखान्याच्या गावी, अगदी कर्नाटकातही धान्य उचलता येतं. कार्ड नंबर किंवा आधार सांगायचा, मशीनवर अंगठा द्यायचा. काही धान्य तिकडं, उरलेलं गावी म्हातारा-म्हातारीनं उचललं तरी चालतं. कार्ड इकडून तिकडं बदलून घ्यायची गरज नाही.

नाव कटू नये म्हणून
कार्डावरच्या प्रत्येकाची ई-केवायसी करून घ्या. ती बाहेरगावच्या रेशन दुकानातही होते. नवी सून, जन्मलेलं लेकरू यांची नावं वेळेत चढवा. नाव नाही तर 5 किलोही नाही.

धान्य नाही म्हणाले तर
कोयता, विटा उचलून बोटं झिजतात, अंगठा उमटत नाही. केवळ त्यावरून पात्र माणसाला परत पाठवू नये, असे केंद्राचे आदेश आहेत. दर वेळी मशीनची पावती मागा, किलो मोजून घ्या. तक्रार लातूर तहसीलच्या पुरवठा विभागात लेखी द्या, पोच घ्या. किंवा 1967 अथवा 1800-22-4950 या टोल फ्री नंबरवर फोन करा.