वाक्यार्थ आणि अधिकार

वाक्य कळते म्हणजे नेमके काय होते, या प्रश्नाचा भारतीय दर्शनांनी शतकानुशतके विचार केला आहे. आज यंत्राला वाक्य कळते काय, हा प्रश्न ऐरणीवर आला असताना या परंपरेचा मोठ्या अभिमानाने उल्लेख होतो. त्याला हरकत असण्याचे कारण नाही. परंतु या विचाराच्या इतिहासात एक प्रश्न सतत वेशीबाहेर ठेवला गेला. वाक्याचा अर्थ ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा तो प्रश्न. तो आमच्या इतिहासाचा प्रश्न असल्यामुळे आम्हालाच मांडावा लागणार आहे.

नैयायिकांनी वाक्यबोधाच्या तीन अटी सांगितल्या आहेत. पहिली आकांक्षा. ‘बैल, भाकर, विहीर’ असे नुसते शब्द उच्चारले तर त्यांना एकमेकांची गरज भासत नाही, म्हणून त्यांचे वाक्य होत नाही. दुसरी योग्यता. ‘तो अग्नीने शेत शिंपतो’ यात व्याकरण निर्दोष आहे, पण अग्नीने शिंपणे घडत नाही. तिसरी संनिधी. ‘केळी’ सकाळी आणि ‘कापली’ सायंकाळी म्हटले तर ऐकणाऱ्याच्या मनात वाक्य जुळत नाही. यांच्या जोडीला पुष्कळांनी चौथी गोष्ट मानली, ती तात्पर्य, म्हणजे बोलणाऱ्याचा हेतू. ‘सैंधव आण’ असे जेवताना म्हटले तर मीठ आणायचे, प्रवासाला निघताना म्हटले तर घोडा. शब्द तोच, पण प्रसंग पाहून अर्थ घ्यायचा.

मीमांसकांत सातव्या शतकाच्या सुमारास याहून खोल वाद झाला. आधी सुट्या शब्दांचे अर्थ कळतात आणि मग ते जोडले जातात, असे कुमारिल भट्टांचे मत. शब्द मुळात जोडलेलाच अर्थ सांगतो, सुटा अर्थ आपण मागाहून काढतो, असे प्रभाकरांचे मत. प्रभाकरांच्या बाजूने जो दाखला दिला जातो तो विचार करण्यासारखा आहे. एक वडीलधारा दुसऱ्याला ‘गाय आण’ म्हणतो. दुसरा गाय आणतो. जवळ बसलेले मूल हे पाहते. पुढे ‘घोडा आण’, ‘गाय बांध’ अशा आज्ञा ऐकून कोणत्या शब्दाने काय बदलते हे ते हेरते आणि भाषा शिकते. दाखला सुंदर आहे. मात्र त्यात एक जण फक्त बोलतो आणि दुसरा फक्त आणतो. आणणाऱ्याला काय वाटले, त्याने नकार दिला असता तर अर्थाचे काय झाले असते, हा प्रश्न कोणी विचारीत नाही.

याच मीमांसेत अधिकाराची चर्चाही आहे. स्वर्गाची इच्छा असलेल्याने यज्ञ करावा, या विधिवाक्यात वर्णाचे नाव नाही. मग शूद्राला तो अधिकार का नसावा? जैमिनीच्या सूत्रांच्या सहाव्या अध्यायात ही शंका उघडपणे घेतली आहे. बादरी नावाच्या आचार्यांनी अधिकार सर्वांना आहे, असे मत दिल्याची नोंदही तेथे आहे. सिद्धान्त मात्र उलटा झाला. अग्नी स्थापन करण्याच्या वाक्यात तीनच वर्णांची नावे आहेत, तेव्हा पहिल्या वाक्यातील ‘इच्छा असलेला’ म्हणजे त्या तिघांपैकीच, असे ठरले. जे वाक्य सर्वांना सामावून घेत होते त्याला दुसऱ्या वाक्याने कुंपण घातले. गौतम धर्मसूत्राने तर वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानासाठी तापलेले शिसे आणि लाख सांगितली. आकांक्षा, योग्यता, संनिधी यांची सूक्ष्म चर्चा ज्या समाजात झाली त्याच समाजात हेही लिहिले गेले, हे विसरून चालणार नाही.

१९८० साली जॉन सर्ल या अमेरिकन तत्त्वज्ञाने एक कल्पना मांडली. खोलीत बसलेल्या माणसाला चिनी भाषा येत नाही. नियमांच्या पुस्तकाप्रमाणे तो चिनी अक्षरांच्या चिठ्ठ्या घेतो आणि चिठ्ठ्या बाहेर देतो. बाहेरच्यांना वाटते, आत चिनी जाणणारा बसला आहे. यंत्राचे असेच आहे, त्याच्यापाशी चिन्हे आहेत पण समज नाही, असे सर्लचे म्हणणे. आम्हाला ही खोली वाचताना गावकामगार महार आठवतो. वतनाच्या कामात सरकारी चिठ्ठ्या आणि मयताचा सांगावा या गावाहून त्या गावी नेणे हे त्याचे काम होते. चिठ्ठी त्याच्या हातात असे, पण बहुतेकांना ती वाचता येत नसे, कारण शाळेचे दार बंद होते. तरीही देणाऱ्याच्या चेहऱ्यावरून आणि घेणाऱ्याच्या हुंदक्यावरून त्याला मजकूर कळे. सर्लच्या माणसापाशी अक्षरे होती, समज नव्हती. आमच्या आजा-पणजापाशी समज होती, अक्षरे हिरावलेली होती. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाववतने रद्द होईपर्यंत ही चाकरी कायद्याने चालू होती.

आता महाडचे पाहू. सार्वजनिक पैशाने बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने ऑगस्ट १९२३ मध्ये मंजूर केला. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. व्याकरणाच्या दृष्टीने ही वाक्ये परिपूर्ण होती. तिन्ही अटी पुऱ्या होत होत्या. तरी तीन वर्षे तळ्यावर काहीच घडले नाही, कारण ‘सार्वजनिक’ या शब्दात आम्ही येत नाही हे सर्वांनी गृहीत धरले होते. मीमांसक म्हणतात, विधिवाक्याचा अर्थ कृतीत आहे. त्यांचाच निकष लावला तर त्या वाक्याचा अर्थ प्रथम २० मार्च १९२७ रोजी सिद्ध झाला. त्या दिवशी बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या मागोमाग हजारो माणसे तळ्याकडे चालत गेली आणि पाणी प्यायली.

विरोधकांनाही हे बरोबर कळले होते. म्हणूनच ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात दावा दाखल झाला. तळे खासगी आहे, अस्पृश्यांना दूर ठेवण्याची वहिवाट अनादी आहे, असे वादींचे म्हणणे होते. म्हणजे येथेही एका मोकळ्या वाक्याला दुसऱ्या वाक्याचे कुंपण. ही वहिवाट सिद्ध झाली नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी दिला. एका शब्दाचा अर्थ पदरात पडायला दहा वर्षे लागली.

हा अनुभव संविधानातही उतरला आहे. सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली, पण तिची व्याख्या दिली नाही. संविधान सभेत यावर शंकाही घेतली गेली होती. इंग्रजी मजकुरात तो शब्द अवतरणचिन्हांत आहे. पुढे म्हैसूर उच्च न्यायालयाने देवराजय्या विरुद्ध पद्मण्णा या खटल्यात म्हटले की, हा शब्द कोशातल्या अर्थाने घ्यायचा नाही, या देशात इतिहासक्रमाने वाढलेली प्रथा असा तो घ्यायचा आहे. म्हणजे हे वाक्य समजण्यासाठी इतिहास माहीत असावा लागतो. तो ज्यांनी सोसला त्यांना विचारल्यावाचून तात्पर्य हाती लागत नाही.

आता यंत्राकडे वळू. १९८५ साली रिक ब्रिग्ज यांनी एका लेखात संस्कृत वैयाकरणांचे वाक्यविश्लेषण आणि संगणकातील ज्ञानाची मांडणी यांतील साम्य दाखविले. त्यावरून ‘संगणकासाठी संस्कृतच सर्वश्रेष्ठ’ अशी दंतकथा तयार झाली आणि ती अजून व्याख्यानांतून फिरते. त्याच दशकात आयआयटी कानपूर येथे पाणिनीच्या कारकविचारावर ‘अनुसारक’ हे भाषांतराचे काम सुरू झाले. त्यात मराठीतून हिंदीत नेण्याचाही प्रयत्न होता. त्या यंत्रांना नियम माणसे शिकवीत. २०१७ नंतर ज्या पद्धतीची यंत्रे वाढली ती कोट्यवधी वाक्ये वाचून, कोणता शब्द कोणत्या शब्दांच्या संगतीत येतो हे हेरून शिकतात. शब्दाचा अर्थ संगतीत पाहण्याची ही रीत प्रभाकरांच्या जवळची वाटते. वडीलधाऱ्यांचे बोलणे ऐकत बसलेल्या त्या मुलासारखेच हे यंत्र आहे. फरक एवढाच की, गाय खरोखर आणली गेली की नाही हे त्याला दिसत नाही. त्याच्यापुढे फक्त लिहिलेले असते.

आणि लिहिले कोणी? खरा प्रश्न येथे आहे. २०११ च्या जनगणनेत खानदेशी ही मातृभाषा सांगणारे अठरा लाखांहून अधिक आहेत. अहिराणीची गणना त्यातच होते. आमच्या बोदवडकडे तावडी बोलली जाते. या बोलींत रोज किती वाक्ये जन्मतात आणि त्यांतली कागदावर किती येतात? त्यातही वस्तीतल्या म्हातारीची किती? माझ्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. वर्गात प्रमाण मराठीत शिकवितो, पण विद्यार्थ्याला कळले की नाही हे तो आपल्या बोलीत शंका विचारतो तेव्हाच मला समजते. जे लिहिलेच गेले नाही ते यंत्र वाचू शकत नाही. ‘सार्वजनिक’ म्हणजे कोण, हे ते लिहिणाऱ्यांच्या सवयीवरूनच शिकणार. महाडच्या पुढाऱ्यांनी धरलेला अर्थ त्या सवयीत असेल तर तोही शिकेल, आणि त्यात त्याला काही खटकणार नाही.

म्हणून यंत्राला समज आहे की नाही या वादात कोणती बाजू घ्यावी, ही आमची पहिली चिंता नाही. आमचे काम जुनेच आहे. आपली वाक्ये आपल्या बोलीत लिहून ठेवली पाहिजेत, छापली पाहिजेत. आपल्याविषयी लिहिलेल्या वाक्यांचा अर्थ आपण सांगितला पाहिजे. बादरींचे मत सूत्रात नोंदले गेले, पण ते अंमलात आणायला कोणी चालत गेले नाही. महाडला लोक चालत गेले, एवढाच त्या दोन वाक्यांच्या इतिहासात फरक आहे.